अक्कांचा लंकेचा व्हिसा

नाहूर, २१ एप्रिल २०२५

अक्का, जय भीम.

परवा संघमित्रानं तुम्हाला फोन केला तेव्हा मी तिच्या शेजारीच बसलो होतो. तुम्ही म्हणालात, "तुह्या बापाले म्हनावं, काय सांगायचं ते लिहून धाड. मी सवडीनं वाचीन." तिच्या फोनचा आवाज मोठा असतो, त्यामुळे मला ऐकू आलं. तुम्ही रागानं म्हणाला असाल, तरी मला बरं वाटलं. फोनवर मला नाहीतरी नीट बोलता येत नाही.

तुमची बहीण, माझी सुलक्षणा, गेली त्या दिवसापासून आपलं बोलणं बंद आहे. त्याबद्दल आज काही लिहीत नाही. आज फक्त कामाचं लिहितो.

मागच्या ऑक्टोबरमध्ये दवाखान्यातून घरी आल्यावर सुलक्षणानं बोटीची तीन तिकिटं काढली होती. एक तिचं, एक तुमचं, एक माझं. तुम्हाला तिनं सांगितलं होतंच, म्हणून तर तुम्ही पासपोर्टची झेरॉक्स पाठवली होती. तुमच्या सम्यकनं तुम्हाला मस्कतला न्यायला म्हणून काढलेला तो पासपोर्ट अजून कोराच आहे ना? ही मोठी प्रवासी बोट चेन्नईहून सुटते आणि श्रीलंकेत त्रिंकोमालीला लागते. तिथून बसनं अनुराधपूरला जायचं, बोधिवृक्ष पाहायचा आणि संध्याकाळी बोटीवर परत यायचं. मी तिला म्हणालो होतो, विमानानं जाऊ, लवकर होईल. ती म्हणाली, "अशोकाची लेक फांदी घेऊन समुद्रातूनच गेली होती. अक्काला मी लहानपणी शब्द दिलाय, बोटीनं नेईन म्हणून. मध्ये विमान आणू नकोस."

तिच्या जागी आता संघमित्रा येणार आहे. कंपनीनं नाव बदलून दिलं. जिच्या नावावरून हिचं नाव ठेवलं तीही बोटीनंच लंकेला गेली, हे मी बँकेत दोघांना सांगितलं, तर ही चिडली. म्हणाली, "पप्पा, प्लीज. वॉचमनला पण सांगून झालंय तुझं. आता कंपनीच्या फॉर्ममध्ये 'यापूर्वी श्रीलंकेस गेला आहात का' असं विचारलंय, तिथं पण लिहू का, हो, दोन हजार वर्षांपूर्वी?"

तुमची जागा तशीच ठेवली आहे.

बोटीनं गेलं तरी तो परदेशच. उतरायला ई-व्हिसा लागतो. त्यासाठी कुठल्या कचेरीत जावं लागत नाही. कॉम्प्युटरवर माहिती भरायची, मंजुरी ईमेलवर येते, तिचा कागद छापून पासपोर्टबरोबर ठेवायचा. तो नसेल तर चेन्नईच्या बंदरातूनच परत पाठवतात. पाण्यावर आहे म्हणून चालून जाईल असं नाही. कंपनीला सगळ्यांचे व्हिसे मे महिन्याच्या अखेरीपर्यंत हवे आहेत. ज्याचा नसेल त्याची जागा रद्द होते.

तुम्ही येणार का, एवढं कळवा.

चौदा एप्रिलला विहारात जाऊन आलो. दरवर्षी मिरवणुकीहून परत आली की सुलक्षणा खीर करायची, अक्काचा वाढदिवस म्हणून. यंदा संघमित्रानं केली. पातळ झाली, पण केली.

तुमचा
भीमराज


नाहूर, ६ मे २०२५

अक्का, जय भीम.

तुमचं उत्तर आलं नाही. स्पीड पोस्टनं पाठवलं होतं, म्हणजे पोचलं असणार.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नव्हती. आमचे दोघांचे अर्ज भरताना मी तुमचाही भरून टाकला होता. तुमचं उत्तर येईपर्यंत उगाच उशीर नको, असं मनाशी म्हटलं. खरं सांगायचं तर तुम्ही नाही म्हणाल अशी भीती होती, आणि मंजुरीचा कागद हातात असला तर तुम्हाला नाही म्हणायला जड जाईल असं वाटलं. मंजुरी दुसऱ्याच दिवशी आली. मी ती छापून कपाटात ठेवली.

काल बोटीच्या कंपनीतून सपना नावाच्या मुलीचा फोन आला.

"काका, तुमच्यासोबत शांताबाई म्हणून आहेत ना? बुकिंगमध्ये त्यांची जन्मतारीख एक जून आहे आणि व्हिसावर चौदा एप्रिल. पासपोर्टवर काय आहे?"

मी झेरॉक्स काढून पाहिली. एक जून.

पासपोर्टचा नंबर, मुदत सगळं मी झेरॉक्सवरून भरलं होतं. जन्मतारखेच्या जागी आलो तेव्हा पाहायचं सुचलंच नाही. ती काय पाहायची? तुमच्या जन्माच्या वेळी दारावरून जयंतीची मिरवणूक चालली होती आणि सुईण ती बघायला बाहेर जाऊन उभी राहिली, ही गोष्ट लग्नापासून ऐकतो आहे.

संघमित्रा म्हणाली, "पप्पा, पासपोर्ट बघून भरायचं असतं यार! खिरीवरून नाही!"

मी म्हणालो, "चौदा एप्रिल हीच तारीख खरी आहे."

"असेल खरी. व्हिसाला खरी नको असते, पासपोर्टवरची हवी असते."

सपनानं सांगितलं की मंजूर झालेल्या अर्जात आता बदल होणार नाही, नवाच भरावा लागेल. तारीख जुळली नाही तर बंदरावर चढू देत नाहीत. मग तिनं विचारलं, "काका, राग मानू नका. तुमची पण एक जून, काकूंची पण एक जून होती, आता यांची पण. तुमच्याकडे सगळे एकाच दिवशी जन्मतात का?"

मी तिला सांगितलं की आमच्या वेळी शाळेत नाव घालताना गुरुजी सरसकट एक जून लिहायचे. ज्यांचे आईबाप तारीख सांगायचे त्यांचीही तीच, कारण गुरुजी ऐकून घ्यायचे नाहीत. ती हसायला लागली. म्हणाली, "माझ्या आजोबांची पण एक जूनच आहे! आम्हाला वाटायचं, खरंच वाढदिवस आहे." ती मुलगी फार चांगली आहे. तिनं पाहिलं नसतं तर तुम्ही चेन्नईपर्यंत येऊन बंदरात अडकला असता. मी तिचे उपकार मानले.

नवा अर्ज दहा मिनिटांत भरता येईल. पण अक्का, या वेळी तुम्हाला विचारल्याशिवाय भरणार नाही. शेवटी 'वरील माहिती खरी आहे' अशा ठिकाणी खूण करावी लागते. ती तुमच्या वतीनं मी एकदा केली. पुन्हा करायची तर तुमचा होकार हवा.

दुसरं असं की या निमित्तानं सुलक्षणाची सगळी कागदपत्रं पुन्हा खाली काढली. तिचा शाळा सोडल्याचा दाखला पाहिला. पालक म्हणून तुमचं नाव आहे. मी तो पूर्वी पाहिला असेन, पण लक्षात राहिला नव्हता. तुमची आई गेली तेव्हा तुम्ही पहिलीतून शाळा सोडलीत आणि ती पाळण्यात होती. पुढे तुम्ही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचात आणि ती शाळेत. संध्याकाळी ती शिकलेलं तुम्हाला शिकवायची. चुकलात तर छडी मारायची म्हणे. हे ती हसून सांगायची, आणि मीही हसून ऐकायचो.

आता घरात एकटा असतो तेव्हा वाटतं, माझ्या घरात जे काही चांगलं झालं ते तुमच्या त्या खडीवर उभं आहे. भांडुपच्या बालवाडीत ती बाई झाली, संघमित्रा शिकली, मीसुद्धा पेपर नीट वाचायला तिच्यामुळे लागलो. तुम्ही रागावलेल्या असलात तरी हे खोटं होत नाही, म्हणून लिहिलं.

होकार किंवा नकार, काहीही चालेल. पण कळवा.

तुमचा
भीमराज


नाहूर, १९ मे २०२५

अक्का, जय भीम.

संघमित्रा पवईला ऑफिसातून तुम्हाला फोन करते हे मला ठाऊक नव्हतं. काल जेवताना तिनं सांगितलं की तिनं तुम्हाला सगळं सांगून टाकलं आहे. मी ताटावरून उठलो. तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता, काल चढवला. ती म्हणाली, "मावशीनं तुला काय काय म्हटलं ते मी ऐकलंय पप्पा. तू कशाला ऐकून घेतोस? मम्मीनंच सांगितलं होतं ना तुला?"

मी हे तुम्हाला कधीच सांगणार नव्हतो. आता कळलंच आहे तर नीट कळावं म्हणून लिहितो.

सुलक्षणानं देहदानाचा अर्ज बऱ्याच वर्षांपूर्वी भरला होता, हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही तेव्हाच तिला "येड लागलं का तुले" म्हणाला होतात. शेवटच्या आठवड्यात तिनं मला जवळ बसवलं आणि म्हणाली, "मी गेले की लगेच मेडिकल कॉलेजला फोन कर. अक्काची वाट बघू नकोस. ती आली तर देऊ देणार नाही. ती रडली की तू विरघळशील, मला माहीत आहे तुझं." मी म्हणालो, अक्का आयुष्यभर मला माफ करणार नाहीत. ती म्हणाली, "तुला नाही करणार. पण मला तरी करेल."

म्हणून मी थांबलो नाही. तुम्ही वाशीमहून रात्रभर प्रवास करून सकाळी पोचलात तेव्हा कॉलेजची गाडी तिला घेऊन गेलेली होती. तुम्ही दारात उभ्या राहून म्हणालात, "माह्या हातानं वाढवली, अन् मले हात लावाले पन नाही ठेवली." घरात पाऊलही न टाकता परत गेलात. मला तेव्हाच सांगता आलं असतं. पण मग तुमचा राग तिच्यावर गेला असता आणि ती उत्तर द्यायला नव्हती. मी होतो. माझ्यावर राहिलेला बरा, असं ठरवलं. त्यात मोठेपणा काही नाही. एवढंच एक काम तिनं माझ्यावर सोपवलं होतं.

आता माझी विनंती आहे. तिच्यावर रागावू नका. तिला तुमची भीती वाटत नव्हती, तुमच्या रडण्याची वाटत होती. ज्याच्यावर जीव असतो त्याच्याच रडण्याची माणसाला इतकी भीती वाटते.

व्हिसाची मुदत दहा-बारा दिवसांवर आली. सपनाचा फोन आला होता. मी सांगितलं, अजून कळलं नाही. ती म्हणाली, "मी तुमची फाइल सगळ्यात शेवटी पाठवते काका. तुम्ही बघा." सगळी अनोळखी माणसं माझ्याशी इतकी चांगली का वागतात कळत नाही.

तुम्ही आला नाहीत तरी मी समजून घेईन. तुमची जागा मात्र मी माझ्या हातानं रद्द करणार नाही. व्हायची ती आपोआप होईल.

तुमचा
भीमराज


वाशीम, २३ मे

जवाईबापू, जय भीम.

मले जास्त लिवता येत नाही. बोटं दुखतात. आमच्या शेजारची पोस्टात जाते, तिच्यासंग धाडते.

तुमची तिन्ही पत्रं वाचली. मधलं दोनदा वाचलं. दाखल्यावर माह्यं नाव आहे हे मले मालूम नव्हतं. गुरुजीनं इचारलं व्हतं पालक कोन, मी म्हटलं मी. येवढंच आठोते.

पोरीले रागावू नका. तिनं सांगतलं ते बरं केलं.

सुली लबाड व्हती. लहानपनी पन तशीच. आपन करे अन् दुसऱ्यावर लोटे. पन ती बोलली ते खरं आहे. मी आली असती तर नेऊ देल्लं नसतं. पायरीवर आडवी झाली असती. तिनं मले बराबर वळखलं.

तुमच्यावरचा राग मी आता तिच्यावर ठेवला. पन तिच्यासंग भांडाले ती कुठं आहे. तिले वळखनारं मानूस आता तुमीच राहले. भांडाले तुमच्याचकडं या लागते.

आधी मले ते कॉलेज दाखवा. मंग बोट.

तारीख गुरुजीनं लिवली तीच टाका. माह्या मायले मिरवनूक याद व्हती, पन मायचं कोन ऐकते. पासपोर्ट जवळ आहे. त्याचा फोटू सम्यकनं मस्कतहून फोनवर सांगून सांगून माह्याकडून काढून घेतला अन् संघमित्राले धाडला. चार वेळा माह्या अंगठ्याचाच फोटू निंगाला.

बोटीत भाकर भेटते का. नाहीतर बांधून आनते.

शांताबाई


बोटीवरून, जून २०२५

अक्का, जय भीम.

तुम्ही आणि संघमित्रा वर डेकवर आहात. बोट त्रिंकोमालीहून परत निघाली आहे. दुपारची वेळ आहे आणि मी खाली केबिनमध्ये बसून लिहितो आहे. इतके दिवस बरोबर आहोत, तरी मला तोंडानं बोलता आलं नाही. हे पत्र तुमच्या पिशवीत ठेवतो. वाशीमला गेल्यावर वाचा. उत्तर नको.

त्या दिवशी कॉलेजच्या फाटकात आपण उभे होतो तेव्हा मला वाटलं होतं, तुम्ही रडाल. मी पाण्याची बाटली उघडून तयार होतो. आत जाऊ देत नाहीत असं रखवालदारानं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "मले कुठं आत जायचंय." मग पांढरा कोट हातात घेतलेली एक मुलगी फोनवर बोलत बाहेर आली आणि तुम्ही तिचा दंड धरलात. "डॉक्टर व्हनार का वं?" ती घाबरून हो म्हणाली. तुम्ही म्हणालात, "मंग मन लावून शिक. आमचं मानूस आहे अंदर." तिला आधी कळलं नाही. मग कळलं. तिनं फोन बंद करून खिशात ठेवला आणि म्हणाली, "हो आजी." एवढंच झालं. पण घरी आल्यावर तुम्ही जेवलात, आणि मिरचीच्या ठेच्यात मीठ कमी आहे म्हणून मला बोललात. त्या घरात कोणी मला बोललं, त्याला फार दिवस झाले होते.

चेन्नईच्या बंदरावर तुमचा व्हिसा तपासत होते तेव्हा मी मनात तारखा पुन्हा जुळवून पाहत होतो. तो बाबू कागद बघायचा, पासपोर्ट बघायचा, पुन्हा कागद. त्यानं इंग्रजीत काही विचारलं. संघमित्रा सांगायला पुढे झाली, तर तुम्ही तिला मागे सारलंत आणि हिंदीत म्हणालात, "सब बराबर है साहब. दो बार भरा है." तो हसला आणि शिक्का मारला. मागच्या रांगेतली माणसंही हसली. मी मात्र पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसलो. तुम्ही विचारलंत, "काय झालं?" मी म्हणालो, "ऊन लागलं." ऊन नव्हतं. तिनं दिलेला शब्द आता पाळला जाणार होता आणि तो माझ्या चुकीमुळे मोडता मोडता राहिला होता, म्हणून.

आपल्या विहारात कार्यक्रम झाला की आभारप्रदर्शन माझ्याकडे असतं. मी चांगला बोलतो म्हणून नाही, मी लवकर आटपतो म्हणून. इतकी वर्षं मंचावरून मंडपवाल्याचे, माइकवाल्याचे, खुर्च्या लावणाऱ्यांचे आभार मानले. घरात कधी कोणाचे मानले नाहीत. घरच्या माणसाचे आभार मानले तर ते परकं मानल्यासारखं होतं, असं आपल्यात समजतात. सुलक्षणाचेही राहून गेले. तुमचे राहू नयेत म्हणून हे पत्र. तुम्ही तिला वाढवलीत, शिकवलीत आणि माझ्या घरी पाठवलीत. ती गेल्यावर माझ्यावर रागावलात, तोही तिच्यावरच्या मायेनंच. आणि सगळं कळल्यावर आलात. मी कुठलाच हिशेब मांडत नाही, पण मला पुष्कळ मिळालं.

काल अनुराधपूरला बोधिवृक्षाच्या ओट्याजवळ ती पांढऱ्या साडीतली सिंहली म्हातारी तुमच्या शेजारी येऊन बसली. तुम्हाला तिचं एक अक्षर कळत नव्हतं, तिला तुमचं. ती काहीतरी विचारत होती, तुम्ही वऱ्हाडीत उत्तर देत होतात. मग तिनं हात जोडून "बुद्धं सरणं गच्छामि" सुरू केलं आणि तुम्ही लगेच आवाज मिळवलात. दोघींनी तिन्ही सरणं एका चालीत नाही, पण त्याच शब्दांत म्हटली. संघमित्रा त्या वेळी फोटो काढायचा विसरली, आणि तिचं ते विसरणं मला आवडलं.

नंतर त्या म्हातारीनं खुणेनं विचारलं, किती जण आलात?

तुम्ही हात वर करून चार बोटं दाखवलीत. संघमित्रा तुमच्या कानाशी म्हणाली, "मावशी, तीन." तुम्ही तिच्याकडे पाहिलंत, पण बोट एकही मिटलं नाहीत. म्हातारीनं मान डोलावली आणि तिच्या ओंजळीतली चार फुलं मोजून तुमच्या हातात दिली.

मी मागे उभा होतो. अक्का, आभारी आहे.

भीमराज